दोन चुली, एक घर : कुटुंबसंस्था, समाजशास्त्र आणि इस्लामी शिकवण

कुटुंब म्हणजे काय, या प्रश्नाचे समाजशास्त्राने दिलेले उत्तर बहुधा छपरापासून सुरू होते. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी सुमारे २५० समाजांची तुलना करून १९४९ साली जी व्याख्या मांडली, तिच्यात एकत्र निवास हा कुटुंबाचा पहिला गुणधर्म ठरला. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची ओळख सांगताना एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न आणि सामाईक मालमत्ता यांवर भर दिला. या व्याख्या घेऊन मालगुंडपासून जयगडपर्यंतच्या किनाऱ्यावर फिरले, तर कित्येक घरे त्यांच्या बाहेर राहतील. चूल गावात एक आणि मुंबईत किंवा आखातात दुसरी. पहिल्या चुलीवर बायको, मुले व म्हातारे आईवडील जेवतात. दुसरीवर घरचा कर्ता पुरुष चार परक्या माणसांबरोबर पाळीपाळीने स्वयंपाक करतो.

ही स्थिती आजची नाही आणि एकट्या मुस्लिमांचीही नाही. मालगुंडात १८६६ साली जन्मलेले केशवसुत पोटापाण्यासाठी मुंबई, खानदेश, धारवाड असे फिरत राहिले आणि १९०५ साली हुबळीत वारले. कोकणी मुस्लिमांनी जहाजावरची नोकरी धरली, मुंबईचा व्यापार धरला, काहीजण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनपर्यंत गेले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताचा दरवाजा उघडला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२. या आकड्याचे कोणी कौतुक करील, तर त्याने आधी गावातील एखाद्या आळीत जाऊन कर्ते पुरुष मोजावेत.

टॅल्कॉट पार्सन्स या समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली लिहिले की, आधुनिक समाजात कुटुंबाची पुष्कळ कामे शाळा, दवाखाना व कारखाना यांच्याकडे गेली. उरली ती दोन. मुलांवर पहिले सामाजिक संस्कार करणे आणि प्रौढांच्या मनाला स्थैर्य देणे. त्याच्या चित्रात पिता बाहेर कमावतो, माता घरात मायेचे काम करते आणि संध्याकाळी दोघे एका टेबलाशी बसतात. कोकणातील स्त्रीला ही विभागणी ठाऊक नाही. बँक, ग्रामपंचायत, कलमांचा सौदा, सासऱ्यांचे औषधपाणी, मुलाचा मकतब आणि मुलीची दहावी ही सगळी कामे तीच करते. तरीही कागदोपत्री ती ‘गृहिणी’ असते.

या बाबतीत मला भारतीय समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई अधिक जवळचे वाटतात. गुजरातच्या किनाऱ्यावरील महुवा या गावाच्या अभ्यासातून त्यांनी दाखवले की, वेगळी चूल मांडली म्हणून कुटुंब विभक्त होत नाही. परस्परांची कर्तव्ये, मालमत्ता आणि नाती यांतून ते एकत्र राहू शकते. इस्लामची भूमिका याच दिशेची, पण अधिक स्पष्ट आहे. छप्पर बदलले म्हणून नफका, म्हणजे बायकामुलांच्या निर्वाहाची जबाबदारी संपत नाही. आईवडिलांशी सद्वर्तनाचा आदेश (दिव्य कुरआन, १७:२३-२४) मैलांवर अवलंबून नाही. प्रत्येकजण राखणदार आहे आणि आपल्या हाताखालच्यांविषयी त्याला विचारले जाईल, ही आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिच्यात पुरुषाबरोबर स्त्रीचाही घराची राखणदार म्हणून वेगळा उल्लेख आहे. जबाबदारी दिली, तेथे अधिकारही आला.

दूर गेलेल्या पित्याच्या घराचे उदाहरण आपल्या धर्मपरंपरेच्या मुळाशीच आहे. हजरत इब्राहीम (अ.) यांनी आपली संतती ओसाड खोऱ्यात ठेवली आणि तिच्यासाठी दुआ केली (१४:३७). बुखारीतील कथनानुसार बीबी हाजरा यांनी मागून विचारले की, हा अल्लाहचा आदेश आहे काय? होकार मिळताच त्या म्हणाल्या की, मग तो आम्हाला वाया जाऊ देणार नाही. त्यानंतर पाणी शोधण्याची धावपळ त्यांनी एकटीने केली. आपण बकरी ईदला ही हकीकत पितापुत्रांची म्हणून ऐकतो. पण सफा आणि मरवा यांच्यामधून धावणारा प्रत्येक हाजी, मग तो पुरुष असो, एका आईच्या पावलांवरून धावत असतो. या प्रसंगातून बायको एकटी सांभाळील असा सोयीचा निष्कर्ष मात्र काढू नये. तेथे आदेश अल्लाहचा होता. आपल्या व्हिसाला तो दर्जा नाही.

केवळ पैसा पुरेसा नाही

पुरुष ‘कव्वाम’ आहे, याचे एक कारण कुरआनने त्याचा खर्च हे दिले आहे (४:३४). त्यामुळे नियमित पैसे पाठवले की आपण सुटलो, अशी समजूत आपल्यात रुजली आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील प्रसंग तिला छेद देतो. रात्रीच्या गस्तीत त्यांनी मोहिमेवर गेलेल्या एका सैनिकाच्या पत्नीचे विरहाचे बोल ऐकले. आपली कन्या उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना त्यांनी विचारले की, स्त्री पतीवाचून किती काळ धीर धरू शकते? उत्तर काही कथनांत चार महिने, काहींत सहा महिने असे आले आहे. त्यावरून त्यांनी सैनिकांच्या मोहिमेवरील मुक्कामाला मर्यादा घातली. युद्धावरच्या माणसासाठी जर हे, तर दुकानात उभे राहणाऱ्यासाठी काय? करार दोन वर्षांचा असतो, कंपनी रजा देत नाही, कर्ज फिटलेले नसते. या अडचणी खऱ्या आहेत. पण पत्नीची मनापासून संमती होती काय, हा प्रश्न निघण्यापूर्वी विचारला जातो का? बाळाचे दूध तोडण्यासाठीसुद्धा कुरआनने आईबापांची परस्पर संमती आणि सल्लामसलत सांगितली आहे (२:२३३). मग घरातील माणूस वर्षानुवर्षांसाठी तोडताना ती नको काय?

पैशाच्या हाताळणीतही अनेकदा अन्याय होतो. मुलगा भावाच्या किंवा बापाच्या खात्यात रक्कम पाठवतो आणि त्याच्या बायकोला मुलांच्या वहीसाठी हात पसरावा लागतो. हिंद बिन्ते उतबा (रजि.) यांनी पती पुरेसे देत नाही अशी तक्रार केली, तेव्हा स्वतःला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके पतीच्या मालातून घेण्याची अनुमती पैगंबरांनी (स.) दिली. यावरून नफका हा उपकार नसून हक्क आहे, हे उघड होते.

आणि मग तो परत येतो. पंचवीस वर्षे ज्या घरासाठी तो राबला, ते घर त्याच्यावाचून चालायला शिकलेले असते. मुले पैसे मागायला आणि परवानगी घ्यायला आईकडेच जातात. तो आवाज चढवतो, कारण पितृत्वाची दुसरी भाषा त्याने शिकलेली नसते. येथे पार्सन्सचे दुसरे कार्य, मनाचे स्थैर्य, कोसळलेले दिसते. ३०:२१ या आयतीत पतिपत्नींमधील शांती, प्रेम आणि दया यांचा उल्लेख आहे. ही दर महिन्याला जमा होणारी रक्कम नव्हे. लुकमान आपल्या मुलाला ‘बाळा’ म्हणून साद घालत उपदेश करतात (३१:१३-१९). फोनवर रोज दहा मिनिटे तरी मुलाच्या दिवसाची चौकशी करणारा पिता परतल्यावर पाहुणा ठरत नाही, असे आसपासची घरे पाहता मला दिसते.

घर कोणाचे?

कोकणात या साऱ्याचा शेवट पुष्कळदा जुन्या जागेवरच्या नव्या बंगल्यापाशी होतो. जमीन वडिलांची, पैसा परदेशातील मुलाचा, देखरेख गावातील भावाची. वडील वारतात आणि तंटा सुरू होतो. बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. कुरआनने मालमत्ता थोडी असो वा अधिक, तिच्यात पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वाटा निश्चित केला आहे (४:७). वाटणीपूर्वी मृताचे कर्ज फेडायचे आहे (४:११). म्हणून मुलाने पाठवलेली रक्कम वडिलांना दिलेली भेट होती, कर्ज होते की भागीदारी, हे ठरलेले असणे आवश्यक आहे. भेट असेल तर ती वारशात मिसळली. कर्ज असेल तर आधी फेडावे लागेल. भागीदारी असेल तर त्याचा हिस्सा आधीच वेगळा आहे. उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश २:२८२ मध्ये आहे. ‘घरच्या घरात कसला कागद’ म्हणणाऱ्यांचीच भांडणे पुढे रत्नागिरीच्या न्यायालयात जातात. पाया खोदण्यापूर्वी वडील हयात असताना, मुली-जावयांना बोलावून, दोन साक्षीदारांसमोर एक पान लिहावे. बारकावे मुफ्तींकडून आणि वकिलाकडून तपासून घ्यावेत, आणि त्याची एक प्रत त्या घराच्या सुनेकडेही असावी. कारण पुढची वीस वर्षे ते घर तीच राखणार आहे.