किल्ली दिलीस, आता गप बस

अगं, काल तू फोन ठेवलास आणि मला मेली झोपच लागेना. "ताई, नाताळचं नाटक त्या पोरीला देऊन मी चुकले काय गं?" असं तीनदा विचारलंस. आणि बोलता बोलता हेही सांगून गेलीस, की दिवसातनं चारदा तिला फोन करतेस. मग बाई, तू दिलंस तरी काय? शब्बाथशाळेच्या हॉलची किल्ली तिच्या हातात आणि तिचा हात तुझ्या मुठीत!

हसत नाहीये मी तुला. मीही हेच केलंय, तुला कधी सांगितलं नव्हतं इतकंच. आमच्या महिला मंडळाचे हिशेब माझ्याकडं होते तेव्हाची गोष्ट. नवीन लग्न होऊन आलेली एक सून, बी.कॉम. झालेली, चुणचुणीत. तिच्याकडं वही सोपवली, पाळकसाहेबांसमोर कौतुकाचे चार शब्दही बोलले. आणि घरी येऊन गुपचूप दुसरी वही सुरू केली. दर रविवारी तिच्या वहीतले आकडे डोक्यात ठेवायचे, घरी उतरवायचे, बेरीज जुळते का बघायचं. एकदा ती डबा परत द्यायला आली. मी आत चहा टाकत होते आणि वही टेबलावर उघडीच. बाहेर आले तर ती तिथंच उभी, वहीकडं बघत. बोलली काही नाही. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला. पुढच्या रविवारी माझ्या बाकावर तिची वही होती, आत शिल्लक पैशांचं पाकीट, एक रुपया इकडचा तिकडं नाही. त्यानंतर तिनं मंडळात कसलंच काम अंगावर घेतलं नाही. मी तिला चोर म्हटलं नव्हतं गं. पण दुसरी वही म्हणजे दुसरं काय असतं?

काम देऊन खरोखर हात सोडणारा एक माणूस सांगते. कोल्हापुरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चवरनं तू शंभरदा गेली असशील. हे वायल्डर म्हणजे रॉयल वायल्डर, १८५२ साली कोल्हापुरात आलेले अमेरिकन मिशनरी. त्यांच्या कामाबद्दल आपण ऐकलेलं असतं, पण मला त्यांच्यातला बाप जास्त आवडतो. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथलाच, १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. वडिलांची तब्येत ढासळली म्हणून कुटुंब अमेरिकेला परतलं. १८८६ च्या उन्हाळ्यात तिथले सुवार्तिक मूडी यांनी माउंट हर्मनला विद्यार्थ्यांचं मोठं शिबिर भरवलं. रॉबर्ट तेव्हा बावीस वर्षांचा. थोरली बहीण ग्रेस घरी राहून त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. शिबिर संपेपर्यंत शंभर विद्यार्थी परदेशी सेवेला जायला तयार झाले. आता पुढं कुणीतरी कॉलेजा-कॉलेजांतून फिरायला हवं होतं आणि सगळे रॉबर्टकडं बघत होते. इकडं बाप अंथरुणाला खिळायच्या बेतात. मुलाचा पाय निघेना.

अशा वेळी तू-मी काय म्हटलं असतं? "पप्पांचं बीपी जरा खाली येऊ दे, पुढच्या वर्षी बघू." नाहीतर, "तू गेलास की माझं कसं होईल ते बघ," असं डोळ्यांनी. रॉयल वायल्डरनी त्याला जायला सांगितलं. पोरगा मित्राला घेऊन वर्षभर कॉलेजं फिरला, दोन हजारांहून जास्त तरुण-तरुणींनी नावं दिली. त्यातनंच पुढं स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट उभी राहिली. आणि १८८७ च्या ऑक्टोबरात बाप गेला. ते शेवटचं वर्ष मुलाला जवळ बसवून घेणं त्यांच्या हातात होतं. मला तरी ते जमलं नसतं, खोटं कशाला बोलू? आणि ग्रेस? भावासाठी घरात बसून प्रार्थना करणारी ती पोरगी पुढं इकडं परत आली आणि इस्लामपूरला काम करत राहिली.

आपल्या मंडळ्यांत सगळंच असं गोड झालं असं मात्र समजू नकोस. कवी ना. वा. टिळकांसारखा माणूस १९१७ साली मिशन सोडून साताऱ्याला स्वतःचा 'देवाचा दरबार' भरवायला निघाला, तो काही उगाच नाही. साहेबाच्या हाताखालचंच ख्रिस्तीपण किती दिवस चालवायचं, हा सल त्यांच्यासारख्या बऱ्याच जणांच्या मनात होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, लिहायला-वाचायला शिकवणारे हेच टिळक, आणि त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या मागं पुरं केलं ते ह्याच लक्ष्मीबाईंनी. बघ म्हणजे.

तू म्हणशील, ताई, डोळे झाकून कसं सोडायचं? झाकू नकोस ना! पैशाला दोन सह्या लागतात, लहान मुलांबरोबर दोन मोठी माणसं लागतात. हा नियम पाळकसाहेबांनाही आणि कालच्या पोरीलाही. सगळ्यांना सारखा आहे तोवर त्यात कुणाचा अपमान नाही. अपमान असतो तो गुपचूप ठेवलेल्या वहीत. पन्हाळ्याच्या शिबिराचे पैसे तुझा लेक सांभाळणार आहे म्हणालीस. किती आहेत, कशावर खर्चायचे, आल्यावर हिशेब कुणाला द्यायचा, हे जायच्या आधी बसवून एकदा नीट सांग. मग स्टँडवर त्याच्या मित्रांसमोर "पाकीट आहे ना रे?" म्हणून खिसा चाचपू नकोस. शंभर-दोनशे कमी आले तर येऊ देत. ते तो स्वतः मांडेल, त्याला जरा शरम वाटेल, पुढच्या वेळी मोजेल. ती शरम त्याची त्याला वाटू दे, तू आधीच सुरू करू नकोस.

आणि नाटकाचं. मेंढपाळ टॉवेल बांधून येतील, गब्रिएल मध्येच ओळी विसरेल, योसेफ हसेल. आपल्या वेळी पंखच पडले होते, आठवतंय? ती पोरगी विचारायला आली तरच सांग. तोवर फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

पंचवीसला दुपारी मात्र सगळी इकडंच या. मटण तुझे दाजी आणणार आहेत. पांढरा रस्सा यंदा थोरल्या लेकीकडं दिलाय. नारळाचं दूध घातल्यावर खदखदा उकळू दिलं की रस्सा फुटतो, हे तिला एकदा सांगून झालंय. मी बाहेर कांदा-लिंबू चिरत बसणार आहे. आत जायला लागले तर पदर धर माझा.