गाव पाटीवर लिहिलेलं असतं

मनू, काल मावशीचा फोन आला होता. तुझ्या बॅगेत चार किलो काळा मसाला, दोन किलो शेव, कैरीचं लोणचं वेगळं, आणि त्यात तुझे कपडे कुठे बसणार याची चिंता. "पोरीचे खाण्याचे हाल होतील गं तिकडे," म्हणाली. मी नुसती हं हं केलं. तिला सांगू नकोस, पण लॉस एंजेलिसला येऊन एखाद्या खानदेशी मुलीचे खाण्याचे हाल झालेच, तर ते तिने स्वतःच करून घेतलेले असतात. हे अनुभवाने सांगते. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं.

माझा पहिला किस्सा ऐक. घरी कुणाला सांगितलेला नाही. तेव्हा राहायचे त्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटं मेक्सिकन दुकान होतं. बीन, भात आणि चीजचा बरिटो मिळायचा. स्वस्त, पोटभर आणि माझ्या मते शुद्ध शाकाहारी. चंद्रोदय झाला की संकष्टी सोडायला मी तिथेच जायची. तीन महिने! एक दिवस काउंटरमागच्या बाईंना म्हटलं, तुमच्या बीन्सना इतकी चव कशी येते? त्यांनी अभिमानाने डबाच काढून दाखवला. मान्तेका. डुकराची चरबी. मी आभार मानून बाहेर आले आणि बसस्टॉपवर बसून एकटीच हसत सुटले. गणपतीने मनावर घेतलं असेल असं वाटत नाही, पण आईला अजूनही सांगवत नाही.

म्हणून सगळ्यात आधी पाच-सहा शब्द पाठ करून ये. 'सिन मान्तेका' म्हणजे चरबी न घालता. हे बीन्सबद्दल विचारायचं, मैद्याच्या तोर्तियाबद्दल विचारायचं आणि तामालेसबद्दलही. भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असू शकतो, तेही विचारायचं. 'रेस' म्हणजे गाय-बैलाचं मांस, आणि गाडीवर 'आसादा' दिसलं की जवळजवळ नेहमी तेच असतं. 'पोयो' कोंबडी, 'कामारोन' कोळंबी, 'चिवो' बोकड. हा शेवटचा शब्द तुझ्या बाबांसाठी. ते आले की त्यांना शहराच्या पूर्वेकडच्या बॉइल हाइट्समध्ये बोकडाच्या बिर्रियाच्या वाटीसमोर बसवू. रस्सा बघून ते भुसावळला आहेत की अमेरिकेत हेच विसरतील. मात्र हल्ली सगळीकडे जो लाल, चिझी बिर्रिया टाको मिरवतो, तो बहुतेक 'रेस'चा असतो. विचारल्याशिवाय तोंडात घालू नकोस.

आता मुद्द्याचं. इथे तुला कुणी ना कुणी विचारेलच, "मेक्सिकन आवडतं का?" हा प्रश्न म्हणजे आपल्याला कुणी "इंडियन आवडतं का?" विचारावं तसा. आपण शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन वाढलेल्या मुली, आणि समोर येतं बटर चिकन. तिथेही तसंच. या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं लॅटिनो आहेत, आणि त्यातली मेक्सिकन माणसं आपापलं गाव बरोबर घेऊन आली आहेत. हालिस्कोवाले वेगळे, वाहाकावाले वेगळे, सोनोरावाले तर मक्याची सोडून गव्हाची तोर्तिया खाणारे. सोनोरात ही तोर्तिया हातावर झुलवत झुलवत एवढी मोठी आणि पातळ करतात की पहिल्यांदा व्हिडिओ पाहिला तेव्हा मी आजीच्या हातचे मांडे आठवून गहिवरले होते. डाउनटाउनच्या 'सोनोराटाउन'मध्ये तिची लहान बहीण मिळते. पण तिथली ख्याती कोळशावरच्या आसादाची, त्यामुळे तुझ्या यादीत ते खाली.

तर पाटी वाच. गाडीवर, छत्रीवर, काचेवर कुठेतरी लिहिलेलं असतं: एस्तिलो हालिस्को, एस्तिलो सिनालोआ, वाहाकेन्यो. ज्या गावचं नाव, त्या गावचा जो पदार्थ, तेवढाच मागायचा. कोळंबीच्या गाडीवर बरिटो मागू नये. ते म्हणजे वडापाववाल्याला डोसा मागण्यासारखं आहे. करून देतील, पण मनातून उतरशील.

आणि एक सांभाळ. "तुम्ही कुठले?" असं पटकन विचारू नकोस. आपल्याकडे हा प्रेमाचा प्रश्न आहे, ओळख काढायचा. मीही पूर्वी बिनधास्त विचारायची. 2025 च्या जूनमध्ये इथे स्थलांतरितांची धरपकड सुरू झाली, तेव्हा किती कोपरे एका आठवड्यात रिकामे झाले ते मी पाहिलंय. अनोळखी माणसाने गाव विचारलं की समोरच्या बाईच्या पोटात गोळा येऊ शकतो. चार-पाच वेळा जा, ओळख होऊ दे, त्या आपणहून सांगतील. तोवर पाटी आहेच.

तुझं विद्यापीठ जिथे आहे तिथून सुरुवात करू. फ्रीवेच्या पलीकडे, ग्रँड अव्हेन्यूवर, चालत जाशील एवढ्यावर 'मेर्कादो ला पालोमा' आहे. जुन्या कपड्यांच्या कारखान्यात थाटलेला बाजार, आत छोटी छोटी दुकानं, मधोमध साधी टेबलं. तिथेच गिल्बेर्तो सेतिना नावाच्या युकातानी माणसाने 2001 मध्ये 'चिचेन इत्सा' सुरू केलं, आणि पुढे त्यांच्या मुलाने त्याच छपराखाली 'ओल्बोश' काढलं. इंग्रजीत एच आणि एक्सने लिहिलेलं दिसेल, गोंधळू नकोस. फक्त समुद्रातलं. 2024 मध्ये त्याला मिशेलिनचा तारा मिळाला, तरी काउंटरवर रांगेत उभं राहूनच मागवायचं. पहिल्या पगारापर्यंत थांब म्हणणार नाही, पण आठवड्याचं ठिकाणही करू नकोस, खिसा रिकामा होईल. परीक्षा संपली की जा, शाईतल्या ऑक्टोपसचा टाको घे, आणि मला फोटो पाठव. दुपारच्या गर्दीआधी गेलीस तर पाय दुखणार नाहीत.

बॉइल हाइट्सला मात्र वारंवार जायचं. तुझ्या दारावरून जाणारी ई लाइन मेट्रो आता थेट पूर्वेला जाते. 2023 पर्यंत मध्ये बदलावी लागायची. 'मारियाची प्लाझा'ला उतर. वाद्यं घेऊन, चांदीच्या बटणांचे कोट घालून गाण्याच्या सुपाऱ्यांची वाट बघणारे लोक तिथे खरोखर उभे असतात. तिथून सेझार चावेस अव्हेन्यूपर्यंत चालत जा आणि 'गिसादोस' शोध. 2010 पासून आहे. गिसादो म्हणजे मंद आचेवर शिजवलेली भाजी किंवा कालवण, आणि ते ताज्या थापलेल्या जाड, मऊ तोर्तियावर वाढतात. आपण भाकरीवर पिठलं घेऊन खातो ना, तेच. सहा छोट्या टाकोंची एक थाळी मिळते, ती घे म्हणजे निवड करायचा ताण नाही. भोपळ्याच्या जातीची 'कालाबासितास', कोथिंबिरीतले मशरूम, हे तुझ्या शाकाहारी गुरुवारी चालतील. 'चिलेस तोरेआदोस' म्हणून परतलेल्या मिरच्यांचा एक टाको आहे, तो देताना ते तुला दोनदा विचारतील. हो म्हण. खानदेशची अब्रू आहे.

त्या तोर्तियाचं गुपित सांगते, म्हणजे दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पुडीतल्या तोर्तियांवर पैसे घालवणार नाहीस. मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्यातच ठेवतात, सकाळी सालं चोळून धुतात आणि मग ओला दळतात. या चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, तो वास येतो, आणि मक्यातलं बी-जीवनसत्त्व अंगी लागतं. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना आपल्याला कसे तडे जातात आठव. त्यांनी यावरचा उपाय हजारो वर्षांपूर्वी काढून ठेवला होता.

सेझार चावेस अव्हेन्यूवरच बरंच पुढे, ईस्ट एल.ए.त, 'ला आस्तेका' नावाचं जुनं तोर्तियाचं दुकान आहे. तिथे भरल्या मिरचीचा बरिटो मिळतो: पोब्लानो मिरची भाजून, चीज भरून, अंड्यात बुडवून तळलेली, आणि ती अख्खी गुंडाळलेली. सकाळी जा. जेवायला म्हणून नको, नाश्त्याला. दुपारचं जेवण आपोआप रद्द होतं.

आणि 'मारिस्कोस हालिस्को'. ऑलिम्पिक बुलेवार्डवर उभी असलेली पांढरी गाडी. तिथे एकच गोष्ट मागायची: कोळंबी भरलेली मक्याची तोर्तिया, दुमडून कुरकुरीत तळलेली, वर टोमॅटोची गार सालसा आणि अॅव्होकाडोची फाक. पहिला घास गरम आणि गार एकदमच. दोन घे, दोनच खाल्लेस तर मी मानेन. स्टेशनपासून लांब पडतं, मीच गाडीने नेईन.

रात्री अकरानंतर भूक लागली आणि मैत्रिणी सोबत असतील (एकटी नको, कळलं?) तर व्हेनिस आणि ला ब्रेआच्या चौकात पेट्रोलपंपाच्या आवारात 'लिओज टाकोज'. उभ्या सळीवर डुकराच्या मांसाचा लालभडक मनोरा फिरत असतो, वर अननस. सुरी फिरते, मांस टाकोत पडतं आणि वरून अननसाची चकती उडत येऊन बरोबर त्यावर बसते. हा 'अल पास्तोर' मूळचा लेबनॉनमधून पुएब्लाला गेलेल्या लोकांच्या शावर्माचा नातू. डुक्कर खात नसलीस तरी बघायला जा. बाजूला भाजलेला कांदा, मुळा आणि लिंबू मोकळ्या हाताने घेता येतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. एखादा रविवार असा येईल की अंथरुणातून उठावंसं वाटणार नाही. येतोच, सगळ्यांना येतो. पहिल्या नोव्हेंबरात मला आला होता. दिवाळी होऊन गेली होती, खोलीत पणतीसुद्धा लावता आली नव्हती. तेव्हा एका सहकारी मैत्रिणीने मला 'गेलागेत्सा'त नेलं. ऑलिम्पिक बुलेवार्डवरच, पण पश्चिमेला, कोरियाटाउनमध्ये. आजूबाजूला कोरियन पाट्या आणि मध्येच ही नारिंगी इमारत. वाहाकाच्या लोपेस कुटुंबाने 1994 मध्ये सुरू केलेलं, 2015 मध्ये त्याला जेम्स बिअर्ड पुरस्कारही मिळाला. माझ्यासमोर मोले नेग्रो आला. काळाकुट्ट, तुकतुकीत. मी पहिला घास घेतला आणि हात थांबला. मावशीचा काळा मसाला गं! तोच नाही, पण त्याच घरातला. मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजलेल्या, त्यांच्या बियासुद्धा जाळलेल्या, तीळ, लवंग, दालचिनी, मग बेदाणे, केळं, बदाम आणि शेवटी चॉकलेट. गोडसर लागतं म्हणून तोंड वाकडं करू नकोस, तिखट मागून येतं. मैत्रिणीला वाटलं मला झणझणीत लागलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं. मी तसंच वाटू दिलं.

घरी येऊन मी वाचत बसले. आपली मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली, मूळची ती मेक्सिकोकडची. आणि मोलेतली लवंग-दालचिनी आपल्या बाजूच्या समुद्रातली. मनिलाहून अकापुल्कोला 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं गलबतं जात होती. आंबासुद्धा तसाच गेला. तिकडे एका जातीला अजून 'मनिला'च म्हणतात. तेव्हापासून 'गेलागेत्सा'त गेले की मला परक्याच्या घरी आल्यासारखं वाटत नाही. दूरच्या आत्याकडे आल्यासारखं वाटतं, जिची भाषा येत नाही.

तिथे त्लायुदाही घे, परातीएवढी कडक तोर्तिया, पण 'सिन आसिएन्तो' सांग. ती पुन्हा चरबीच. मोलेतही बहुधा कोंबडीचा रस्सा असतो, गुरुवारी विचारून घे. टोळ तळून देतात, ते तुझ्या मर्जीवर. मी एकदा खाल्ले. लिंबू लावलेल्या खारवलेल्या शेंगदाण्यांसारखे लागतात, पाय दातात अडकतात.

रस्त्यावरच्यांना विसरू नकोस. रंगीत छत्रीखाली आंबा, काकडी, कलिंगड, हिकामा नावाचा पांढरा रसाळ कंद कापून देणारे असतात. वर लिंबू, मीठ, तिखट. शाळेबाहेरची तिखट-मीठ लावलेली कैरी आठवेल. हे लोक वर्षानुवर्षं दंड भरत, गाड्या जप्त होऊ देत धंदा करत होते. 2019 पासून राज्याच्या कायद्याने फुटपाथवर विकणं हा गुन्हा राहिला नाही. पहाटे मक्याच्या पानातले तामालेस विकणाऱ्या बायका भेटतील, त्यांच्याकडे 'राहास' म्हणजे मिरची-चीजचा माग, बरोबर गरम चाम्पुर्रादो. चॉकलेट घातलेली मक्याची आंबीलच समज. घासाघीस करू नकोस. एक-एक आणि पाच डॉलरच्या नोटा जवळ ठेव. माझी एक तामालेवाली मला 'मिहा' म्हणते, म्हणजे 'पोरी'. माझे केस पिकायला लागले तरी.

आता बॅगेचं. मसाला एक किलो पुरे. राजगिऱ्याच्या वड्या काढून ठेव. 'एल मेर्कादितो' नावाच्या बाजारात खालच्या मजल्यावर त्या मिळतात, 'आलेग्रिया' नावाने, तोच राजगिरा. वरच्या मजल्यावर मारियाची गातात आणि एवढ्या जोरात की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे आपण गप्पा मारायला जाणार नाही. गूळही आणू नकोस, पिलोन्सियो म्हणून त्याच्या ढेपा मिळतात. अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबतही मिळतं, 'हामाइका' म्हणायचं.

शेव मात्र आण. दोन किलो नाही, तीन. ती इथे कुणालाच येत नाही.