ताक्यांची उधारी आणि 'उद्यम' नोंद

मालेगाव-भिवंडीत यंत्रमाग चालवणाऱ्या आपल्या बांधवांना डिजिटल म्हटले की जीएसटीची कटकट तेवढी आठवते. पण ताक्यांचे पैसे अडकतात तिथे हेच साधन कामाला येते. 2006 च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदाराने माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत, आणि लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे चुकते केले पाहिजेत. हा हक्क माल बनवणाऱ्या सूक्ष्म व लघु कारखानदाराला आहे. आम्हा नुसत्या खरेदी-विक्रीवाल्यांना नाही. त्यासाठी 'उद्यम' पोर्टलवर नोंद हवी, तीही माल देण्याआधीची. आधार व पॅनवर ती मोफत होते. एजंट मागतो ते त्याच्या खिशासाठी! नोंदीचा क्रमांक बिलावर छापून घ्यावा.

तोंडी सौद्यावर तक्रार उभी राहणे कठीण. चलन, बिल, ई-वे बिल, मोबाइलवर आलेली ऑर्डर, सगळे जपून ठेवावे. उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहेच. कायदा उशिराबद्दल चक्रवाढ व्याजही देववतो. ते आपल्याला नको. पण मुद्दल का सोडावे? त्याची तक्रार ऑनलाइन करता येते.