मोटारीचा मोह आणि एसटीचा इतबार

राज्य परिवहन महामंडळात वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात चाकरी करून निवृत्त झालेले आणि पेठ वडगावातच स्थायिक असलेले मामा, व कोल्हापुरातील एका कचेरीत नुकताच रुजू झालेला, कर्ज काढून मोटार घ्यावी की न घ्यावी या विचारात पडलेला त्यांचा भाचा, या दोघांतील हे संभाषण आहे.

भाचा : मामा, बँकेने कर्जाचा अर्ज मंजूर केल्यात जमा आहे. तरी सही करण्याआधी तुमच्या कानावर घालावे, असे वाटले. वडगावात राहून, रोज कोल्हापूरला जाऊन-येऊन, मोटारीवाचून संसार खरोखर नीट चालतो का? की लोक केवळ नाइलाज म्हणून एसटीने जातात?

मामा : नाइलाजाने जाणारेही पुष्कळ आहेत, हे मी नाकारणार नाही. पण ही सोय मुळात कशासाठी निर्माण झाली, ते आधी ध्यानात घे. एसटी येण्यापूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी धावत. मोटार भरली तर सुटायची, न भरली तर उतारू ताटकळायचे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली सरकारी बस निघाली. पुढल्या वर्षी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्यानंतर हा बंदोबस्त आपल्याही मुलखात रुजला. उतारू एक असो वा पन्नास, ठरल्या वेळी व ठरल्या भाड्यात गाडी सुटेल, अशी सरकारने रयतेला दिलेली हमी, हेच त्या बंदोबस्ताचे सार होय. कोल्हापूर शहराने तर महानगरपालिका होण्याच्या दहा वर्षे आधी, १९६२ मध्ये, नगरपालिकेच्या अमदानीतच स्वतःची बससेवा उभी केली. तीच आपली केएमटी. वडगावचा मनुष्य एसटीने मध्यवर्ती बसस्थानकावर उतरतो, आणि तेथून गंगावेश, रंकाळा किंवा विद्यापीठ गाठण्यासाठी केएमटी धरतो. तुझा रोजचा प्रवास या दोन संस्थांच्या सांध्यावर उभा राहील.

भाचा : इतिहास समजला. आता जमाखर्च सांगा. कारण मोटार घेतली की तिकिटाचे पैसे वाचतील, असे घरी सगळे म्हणतात.

मामा : साध्या गाडीचे भाडे टप्प्यावर आकारतात. सहा किलोमीटरांचा एक टप्पा, आणि जानेवारी २०२५ मधील भाडेवाढीनंतर टप्प्याला सुमारे दहा रुपये. येथून कोल्हापूर वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे चार-पाच टप्पे. त्यातही मासिक पास काढलास, तर वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवासाची मुभा मिळते, आणि त्रैमासिक पासावर पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे आहे, म्हणून तुझ्या आईचा प्रवास निम्म्यात होतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या तुझ्या आजीला तर ऑगस्ट २०२२ पासून भाडेच नाही. आता मोटारीकडे वळू. लिटरला पंधरा किलोमीटर आणि लिटरचा भाव शंभराच्या पुढे धर. जाऊन-येऊन तीन लिटर जळाले, तर नुसत्या पेट्रोलाचेच रोजचे तीनशे रुपये झाले. शिवाय विमा, दुरुस्ती, टायर, आणि शोरूमच्या बाहेर पडल्या क्षणापासून उतरत जाणारी किंमत. मोटार दिवसातले दोन तास चालेल आणि बावीस तास उभी राहील. हप्ता मात्र चोवीस तासांचा भरावा लागेल.

भाचा : पैशाचे मान्य. पण वेळेचे काय? गाडीची वाट पाहण्यात जो जीव मेटाकुटीला येतो, त्याचा हिशेब कुठल्या वहीत लिहायचा?

मामा : तो हिशेब मुख्य आहे, आणि बहुतेक लोक तो मांडतच नाहीत. अर्ध्या तासाला एक गाडी असेल आणि तू वेळापत्रक न पाहता स्थानकावर गेलास, तर सरासरीने पंधरा मिनिटे थांबावे लागते. गाड्या दुप्पट झाल्या, तर थांबणे निम्म्यावर येते. वेगाने धावून गाडी चार मिनिटे लवकर पोचली, याने उतारूला जेवढा लाभ होतो, त्याहून कितीतरी अधिक लाभ फेऱ्या वाढल्याने होतो. आणि जेथे फेऱ्या मोजक्याच आहेत, तेथे वेळापत्रक पाठ असणे हाच उपाय. माझ्या खिडकीशी रोज येणारे मास्तर, परिचारिका, गिरणीतले कामगार कधी ताटकळत नसत. त्यांना गाडीची वेळ ठाऊक असे आणि ते पाच मिनिटे आधी येत.

भाचा : पण वेळ ठाऊक असूनही कधी तासभर काही येत नाही, आणि मग एकापाठोपाठ दोन गाड्या येतात. हा निष्काळजीपणा नव्हे काय?

मामा : कधी निष्काळजीपणा असतो, परंतु पुष्कळदा त्यामागे सरळ कारण असते. समज, वाटेत शिरोलीपाशी वाहनांच्या गर्दीत एक गाडी दहा मिनिटे अडकली. त्या दहा मिनिटांत पुढच्या प्रत्येक थांब्यावर माणसे वाढली. ती सगळी चढेपर्यंत, तिकिटे घेईपर्यंत गाडीला आणखी उशीर झाला, आणि उशीर झाला म्हणून पुढच्या थांब्यावर आणखी माणसे साचली. मागून येणाऱ्या गाडीला मात्र थांबे मोकळे मिळाले. ती विनाअडथळा पुढे सरकली आणि पहिलीला येऊन मिळाली. अशा वेळी मागची गाडी काही मिनिटे रोखून धरणे, हे नियंत्रकाचे काम. खिडकीतून पाहणाऱ्याला वाटते, गाडी विनाकारण उभी आहे. वास्तविक ती पुढल्या उतारूंसाठी उभी असते. आणि शिरोलीच्या त्या गर्दीत प्रामुख्याने कोण असते? एकेकटा मनुष्य बसलेल्या मोटारी. चाळिसावर माणसे नेणाऱ्या बसचा रस्ता त्या अडवतात, आणि बस वेळेवर नसते म्हणून आणखी मोटारी रस्त्यावर येतात.

भाचा : मग महामंडळ सरळ फेऱ्या का वाढवीत नाही?

मामा : आपल्या वडगावला स्थानक आहे, आगार नाही. गाड्या कोल्हापूर, इचलकरंजी अशा आगारांतून येतात, आणि कोणती फेरी ठेवावी, कोणती बंद करावी, हे तेथील दप्तरावरून ठरते. त्या दप्तरातला कळीचा शब्द म्हणजे भारमान : गाडीच्या क्षमतेपैकी किती जागा प्रत्यक्ष भरल्या, त्याचे प्रमाण. पूर्वी वाहकाच्या हाती तिकिटांची पत्र्याची पेटी असे. निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांचे गठ्ठे तीत दाबून बसवलेले, आणि चिमट्याने टक्‌ असे भोक पाडून तो तिकीट फाडून देई. पेन्सिल कानावर ठेवलेला तो वाहक डुलत्या गाडीत उभ्या उभ्या कोणत्या टप्प्याला कोणत्या क्रमांकापर्यंत तिकिटे गेली, याची नोंद मार्गपत्रकावर करीत असे. आज यंत्रातून कागदाची पट्टी निघते आणि नोंद आपोआप होते. पण तत्त्व तेच आहे. प्रत्येक तिकीट ही त्या फेरीच्या बाजूने दिलेली साक्ष असते.

भाचा : आणि एसटीला दहा मिनिटे उशीर झाला म्हणून मी वडापने, म्हणजे खाजगी जीपने, निघून गेलो, तर?

मामा : तर तू त्या दप्तरात उमटलाच नाहीस! तुला जायचे होते, फेरीची गरज होती, पण कागदावर ती गाडी रिकामी धावली असेच दिसणार. भारमान घसरले की फेरी रद्द होते. फेरी रद्द झाली की उरलेल्या उतारूंची गैरसोय वाढते. मग त्यांपैकी ज्यांना शक्य आहे ते दुचाकी किंवा मोटार घेतात, आणि पुढली फेरी धोक्यात येते. अखेरीस ज्यांच्यापाशी दुसरा मार्गच नाही, असे शाळकरी मुली, म्हातारी माणसे, मोलमजुरीला जाणाऱ्या बाया तेवढे फाट्यावर उभे राहतात. मोटार घेणारा आपली सोय पाहतो, त्यात गैर काही नाही. परंतु जाताना तो इतरांच्या फेरीतला एक आधार काढून नेतो, हे त्याला कोणी सांगत नाही.

भाचा : तुम्ही एसटीची बाजू घेता, हे स्वाभाविक आहे. पण तिच्यातली उणीव?

मामा : उणिवा झाकून मी तुला फसवणार नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेला, आषाढीला गाड्या तिकडे वळतात आणि रोजच्या फेऱ्या कमी होतात. ऑक्टोबर २०२१ पासून पुढल्या एप्रिलपर्यंत संपाने रयतेचे अतोनात हाल झाले, आणि त्या काळात दुरावलेले उतारू परत आणणे सोपे नव्हते. अपरात्री घरात कोणी आजारी पडले, तर बसचा उपयोग नाही. तेव्हा भाड्याची गाडी बोलवावी, आणि हप्त्यातून वाचलेल्या पैशांत अशा कित्येक गाड्या निभावतात. मात्र ज्याचे रान स्थानकापासून दूर आहे, ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्याने मोटार घेतली तर मी त्याला बोल लावणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा बसही थांबली आणि मोटारही. तेथे दोघींचा इलाज सारखाच खुंटला.

भाचा : परदेशांत हा प्रश्न कसा सोडवला?

मामा : युरोपातील लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाने २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभरातील सार्वजनिक वाहतूक विनामूल्य केली; तरी तेथील रस्त्यांवरून मोटारी हटल्या नाहीत. उलट लंडनने २००३ मध्ये मध्यवस्तीत शिरणाऱ्या मोटारींवर आकार बसवला आणि त्याच सुमारास बसगाड्या वाढवल्या. माझे अनुमान असे की, भाडे कमी करणे हे पुण्यकर्म खरे, परंतु मनुष्याला बसकडे ओढते ती तिची नियमितता. आपल्याकडेही सवलती पुष्कळ झाल्या. आता नव्या गाड्या, पुरेसे चालक-वाहक आणि वेळेचा काटेकोरपणा यांची तजवीज झाली पाहिजे.

भाचा : मग माझ्या कर्जाच्या कागदाचे काय करू?

मामा : तो कागद तूर्त बाजूला ठेव आणि एक त्रैमासिक पास काढ. त्या मुदतीत गाड्यांच्या वेळा तुझ्या अंगवळणी पडतील, आणि एसटीवर आपला संसार भागतो की नाही, हे तुझे तुलाच कळेल. फेरी चुकली, तर वडापकडे धावण्याआधी तारीख आणि वेळ टिपून आगार व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज दे. प्रवाशांची गाऱ्हाणी आगारातच ऐकून घेण्यासाठी २०२४ पासून प्रवासी राजा दिन सुरू झाला आहे, तेथे चार जणांना घेऊन जा. तोंडी कुरकुरीला दप्तरात जागा नाही, अर्जाला आहे. आणि शेवटची गोष्ट, जी मी चाकरीत असताना वारंवार पाहिली, ती लक्षात ठेव : ज्या गावचे शिकलेसवरलेले, कमावते लोक स्वतः बसमध्ये बसतात आणि तिच्यासाठी भांडतात, त्या गावची फेरी रद्द करण्यास कोणताही अधिकारी सहजासहजी धजत नाही.