अध्यक्षांच्या सहीसाठी अडलेले काम

प्रश्न : मच्छीमार संस्थेत ‘लीन’ व्यवस्थापन आणताना अध्यक्षाने स्वतःत काय बदलावे? (एक वाचक, मुरुड)

उत्तर : ‘लीन’ म्हणजे कामातील अपव्यय कमी करणे. टोयोटाचे अभियंते ताइइची ओहनो यांनी १९७८ च्या ग्रंथात ज्या ७ अपव्ययांची, म्हणजे खर्च वाढवूनही ग्राहकाला मूल्य न देणाऱ्या गोष्टींची, गणना केली, त्यांपैकी प्रतीक्षा हा नेतृत्वातील घातक आणि सहज न ओळखला जाणारा दोष होय, कारण बर्फाची खरेदी सहीसाठी अडली, तर उतरलेल्या मासळीचा दर्जा तासागणिक घसरतो. म्हणून ठरावीक रकमेपर्यंतचे निर्णय व्यवस्थापकाकडे सोपवावेत, आणि ‘गेम्बा’वर, म्हणजे काम प्रत्यक्ष घडते त्या जागी, मासळी उतरताना उभे राहून आदेशाआधी निरीक्षण करावे. पावसाळी मासेमारीबंदीत कोणता निर्णय कोठे, किती दिवस थांबला याची नोंद समितीने तपासावी. या तपासणीची सुरुवात अध्यक्षांच्याच टेबलापासून व्हावी.