शांत साप, तापट साप : बोआ आणि बॉल पायथन

घरात साप पाळण्याची कल्पना आपल्याला विचित्र वाटते. अमेरिकेत आणि युरोपात मात्र काचेच्या पेटीत साप पाळणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. दोन बिनविषारी साप त्यांच्या विशेष आवडीचे आहेत. एक मध्य व दक्षिण अमेरिकेतला बोआ आणि दुसरा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन. यांतला कोणता साप हाताळायला चांगला, असे विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : "बॉल पायथन गरीब आणि लाजाळू, बोआ धीट, पण जरा तापट."

गाय गरीब, म्हैस मारकी असे आपणही म्हणतो. पण सापाच्या बाबतीत 'गरीब' आणि 'तापट' या शब्दांचा अर्थ काय? त्याला राग येतो का? माणसाचा लळा लागतो का? हे प्रश्न वाटतात तेवढे निरुपयोगी नाहीत. सापाची वागणूक चुकीची वाचली, तर माणसाला चावा बसतो आणि सापाचे त्याहून जास्त नुकसान होते.

गाय, कुत्रा, घोडा हे प्राणी हजारो वर्षे माणसाजवळ वाढले. त्यांच्यातील गरीब जनावरे निवडून माणसाने त्यांची पैदास केली. सापांचे तसे झालेले नाही. बंदिस्त जागेत त्यांची पैदास होऊ लागून काही दशकेच झाली आहेत आणि तीही मुख्यतः रंग व नक्षी पाहून केलेली. म्हणून पेटीतला साप आजही रानातल्या सापासारखाच वागतो. त्याचा स्वभाव समजून घ्यायचा, तर त्याचे पूर्वज कोठे आणि कसे राहत होते, हे आधी पाहिले पाहिजे.

दोघांची ओळख

बॉल पायथन हा अजगराच्या कुळातला एक लहान साप. त्याचे शास्त्रीय नाव पायथन रेजिअस. लांबी साधारणपणे एक ते सव्वा मीटर, अंग जाड आणि डोके लहान. मादी अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते. वरच्या ओठावर उष्णता जाणणारे खळगे असतात.

बोआ मोठा. पूर्ण वाढलेली मादी दोन ते तीन मीटर लांब आणि दहा किलोहून अधिक वजनाची होऊ शकते. लिनीयस या शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याला बोआ कन्स्ट्रिक्टर हे नाव दिले. बोआची मादी अंडी घालत नाही. ती थेट पिलांना जन्म देते. त्याच्या ओठांवर पायथनसारखे खळगे नसतात.

दोघेही दीर्घायुषी आहेत. अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या प्राणिसंग्रहालयात एका बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे होते! हौसेने आणलेले पिलू आपल्या आयुष्याचा केवढा काळ व्यापू शकते, याचा यावरून विचार करा.

चेंडू का होतो?

बॉल म्हणजे चेंडू. या पायथनला भीती वाटली की तो अंगाचे घट्ट वेटोळे करतो आणि डोके मधोमध लपवतो. पावसाळ्यात दिसणारा 'पैसा' किडा स्पर्श होताच गुंडाळून बसतो, त्याचीच ही मोठी आवृत्ती समजा.

ही सवय त्याच्या घराशी जुळणारी आहे. आफ्रिकेतील गवताळ प्रदेशात तो दिवसाचा बराच वेळ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत घालवतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याला वेगाने पळता येत नाही. अंगावर चाल करून शत्रूला घाबरवावे, एवढा तो मोठाही नाही. तेव्हा डोके हा सर्वांत मोलाचा आणि नाजूक भाग झाकून स्वस्थ पडून राहणे, हाच त्याचा बचाव.

आता एक गोष्ट लक्षात आली असेल. हातात घेतल्यावर बॉल पायथन निमूटपणे गोळा होऊन बसला, की पाहणारा म्हणतो, "किती गरीब आहे हो!" वास्तविक तो त्या क्षणी घाबरलेला असतो. गरीब दिसतो ते भीतीमुळे. निश्चिंत असलेला बॉल पायथन सैल होतो, जीभ आतबाहेर करीत हळूहळू हातावरून सरकू लागतो. सतत घाबरलेला बॉल पायथन चावत नाही. तो खाणे सोडतो. हा साप रानातही काही आठवडे, कधी काही महिने उपाशी राहू शकतो. त्यामुळे त्याची तक्रार मालकाच्या लवकर ध्यानात येत नाही.

बोआ फुत्कारतो का?

बोआचे घर वेगळे. जंगल, झुडपे, शेतीच्या कडा अशा अनेक ठिकाणी तो राहतो. लहान वयात झाडांवर बराच वेळ घालवतो. मोठा झाल्यावर जमिनीवर अधिक असतो. उंदीर, पक्षी, सरडे, वटवाघळे असे नाना प्रकारचे भक्ष्य तो घेतो. अशा सापाला गोळा होऊन बसण्यापेक्षा हालचाल करणे आणि शत्रूला धाक दाखवणे फायद्याचे ठरते. म्हणून डिवचला गेल्यास तो मान इंग्रजी 'एस्' अक्षरासारखी वळवतो, दीर्घ आणि मोठा फुत्कार सोडतो, आणि तरीही कोणी हटले नाही तर झडप घालतो.

फुत्कार म्हणजे राग नव्हे. ती 'पुढे येऊ नकोस' अशी सूचना आहे. सूचना देणारा साप एका अर्थाने अधिक प्रामाणिक. बोआच्या मनातले (मन हा शब्द सैलपणे घ्या) बाहेर दिसते. बॉल पायथनचे वेटोळ्यात दडते.

हातावर घेतलेला बोआ मनगटाभोवती शेपटी गुंडाळतो, तेव्हा नवखा माणूस घाबरतो. पण हा शिकारीचा विळखा नसतो. फांदीवरून पडू नये म्हणून तो जसा आधार धरतो, तसाच हा आधार असतो.

शिकारीचा विळखा निराळाच. बोआ भक्ष्याला गुदमरवून मारतो, असे पुष्कळ दिवस समजले जाई. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, विळखा पडताच काही सेकंदांत उंदराचे रक्ताभिसरणच कोलमडते. त्याआधी २०१२ साली अमेरिकेतील डिकिन्सन कॉलेजच्या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला होता. मेलेल्या उंदरांच्या शरीरात त्यांनी कृत्रिम हृदय बसवले आणि ते उंदीर बोआंना दिले. कृत्रिम ठोके चालू असेपर्यंत बोआ आवळत राहिले. ठोके बंद पडताच त्यांनी विळखा सैल केला. जिवंत भक्ष्य कधीही न मारलेल्या बोआंनीही ठोक्यांची दखल घेतली. ज्याला आपण मठ्ठ समजतो, त्या प्राण्याचे अंग एवढे बारीक वाचन करते.

चावे दोन प्रकारचे

स्वभावाच्या चर्चेत येथेच घोटाळा होतो. सापाचा चावा दोन कारणांनी होतो.

१. बचावाचा चावा : साप झडप घालतो आणि लगेच सोडून मागे सरतो. कारण भीती.

२. भुकेचा चावा : साप पकडतो, सोडत नाही आणि विळखाही घालतो. कारण गैरसमज! हाताला उंदराचा वास आहे, हात उबदार आहे आणि पेटी नेहमी अन्न देण्यासाठीच उघडली जाते. मग आत आलेली उबदार वस्तू म्हणजे भक्ष्य, असा निष्कर्ष सापाने काढला तर त्याचे काय चुकले?

बोआ खादाड असतो, त्यामुळे दुसऱ्या प्रकारची चूक त्याच्याकडून होण्याचा संभव अधिक. लोक त्याला तापट म्हणतात. प्रत्यक्षात तो भुकेला असतो. बॉल पायथन खाण्याच्या बाबतीत चोखंदळ, म्हणून ही चूक त्याच्याकडून कमी होते. दोन्ही साप बिनविषारी असले, तरी त्यांचे दात मागे वळलेले व अणकुचीदार असतात. हात हिसकला तर जखम वाढते.

हाताळण्याचे नियम आणि त्यामागची कारणे

जाणकार माणसे या सापांना हाताळताना काही नियम पाळतात. प्रत्येक नियमामागे वर सांगितलेल्यांपैकी एखादे कारण आहे.

हात वरून आणत नाहीत, बाजूने आणतात; कारण सापाचे शत्रू, विशेषतः शिकारी पक्षी, वरून येतात. बोआला उचलण्यापूर्वी बोथट आकडीने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करतात. आकडीचा स्पर्श झाला की अन्न मिळत नाही, हे काही दिवसांत त्याच्या अंगवळणी पडते आणि भुकेचा चावा टळतो. सापाला मानेशी धरत नाहीत. दोन्ही हातांनी अंगाचा भार पेलतात, कारण आधार सुटला की तो घाबरतो. दोन मीटरपेक्षा मोठा बोआ असेल तर जवळ दुसरा माणूस असावाच लागतो.

खाल्ल्यानंतर निदान दोन दिवस सापाला हात लावत नाहीत. नाहीतर तो गिळलेले ओकून टाकतो. कात टाकण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांवरचे आवरण दुधाळ होते व त्याला नीट दिसत नाही. तेव्हाही त्याला एकटे सोडतात. आणि हाताळून झाल्यावर हात साबणाने धुतात, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जातीचे रोगजंतू असू शकतात.

बॉल पायथनसाठी आणखी एक नियम आहे : त्याच्या पेटीत लपायला अंधारी, अंगासरशी जागा हवी. बीळ मिळाले की हा साप निर्धास्त होतो.

लळा की सराव?

काही महिन्यांनी बोआ फुत्कारेनासा होतो, बॉल पायथन गोळा होईनासा होतो. मालक म्हणतो, "आता ओळखतो मला." शास्त्रज्ञ याला 'सरावणे' म्हणतात. एखादी गोष्ट पुनःपुन्हा घडली आणि तिच्यापासून काही अपाय झाला नाही, तर प्राणी तिला प्रतिसाद देणे कमी करतो. विषारी खुळखुळ्या सापांवरील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच आढळले. पेटीचे झाकण वारंवार उघडल्यावर त्यांचे शेपटी वाजवणे कमी होत गेले.

सरावणे ही शिकण्याची अगदी साधी पायरी आहे. पण ते शिकणेच आहे. सापाला लळा लागत नसेल, तरी 'येथे धोका नाही' एवढे त्याला कळते.

गरीबपणाची किंमत

मध्य अमेरिकेतील होंडुरास देशाच्या किनाऱ्याजवळ कायोस कोचिनोस ही लहान बेटे आहेत. तेथील बोआ आकाराने लहान, रंगाने फिकट गुलाबी आणि वागणुकीत इतके शांत, की रानातून उचलले तरी सहसा चावत नाहीत. बेटावर शत्रू थोडे असल्यामुळे असे झाले असावे. याच गुणामुळे १९७० आणि १९८० च्या दशकांत पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी ते मोठ्या संख्येने पकडून नेले, आणि बेटांवर बोआ दुर्मिळ झाले. १९९३ साली बेटांना संरक्षण मिळाल्यावर त्यांना पुन्हा बरे दिवस आले. बॉल पायथनही घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून आजवर लाखोंनी निर्यात झाला आहे.

ही गोष्ट दूरची नाही. आपल्याकडचे मांडूळ आणि डुरक्या घोणस हे बोआचेच नातेवाईक. मांडूळ तर बॉल पायथनसारखेच डोके वेटोळ्याखाली लपवते आणि बोथट शेपटी वर करून शत्रूला फसवते. म्हणून तर त्याला दुतोंड्या म्हणतात! ते सहसा चावत नाही. हा गरीब साप गुप्तधन आणि औषधाच्या खुळचट समजुतींपायी पकडला व विकला जातो. मांडूळ असो वा अजगर, आपल्या रानातला साप पकडणे, पाळणे किंवा विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार परदेशी बोआ वा पायथन बाळगणाऱ्यालाही सरकारदरबारी नोंद करावी लागते. तेव्हा साप दिसला तर दुरून पाहा, आणि घरात शिरला तर वनखात्याला कळवा.

करून पाहा

सरावणे ही क्रिया पाहायला साप लागत नाही. पावसाळ्यात एक गोगलगाय लाकडी फळीवर ठेवा. तिची शिंगे बाहेर आली की फळीवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. शिंगे आत जातील. ती बाहेर आली की तेवढ्याच जोराने पुन्हा टिचकी मारा. शिंगे आत ओढणे थांबेपर्यंत किती टिचक्या लागल्या, ते वहीत लिहा. मग टिचकीऐवजी ओल्या पानाने तिला हळूच स्पर्श करा. शिंगे पुन्हा आत गेली, तर ती थकली होती की सरावली होती? विचार करून उत्तर द्या. शेवटी गोगलगाय जेथून आणली तेथेच सोडा आणि हात धुवा.