एका टिकेने सगळं मुसळ केरात

भोपाळच्या एमपी नगरातल्या एका कोचिंगवाल्यांचं फीचं सॉफ्टवेअर आम्ही जँगोत बांधून दिलं. काउन्सेलर, अकाउंटंट, शाखाप्रमुख असे गट पाडले आणि कोण काय बदलू शकेल ते गटागणिक ठरवलं. मालकांना सुपरयूजर हवाच होता, तो दिला. "हा तुमच्यापुरताच," हे मेलवर लेखी कळवलं होतं.

ऐन प्रवेशांच्या गर्दीत फोन आला, "भैया, आपके सॉफ़्टवेयर ने सबको छूट दे दी!" कोलार रोडच्या शाखेपुरती ठरलेली सवलत सगळ्याच शाखांच्या पावत्यांवर छापून येत होती. गटांच्या परवानग्या तपासल्या; सगळं चोख. मग एकेका युजरचं पान उघडलं. रिसेप्शनवरच्या मुलीपासून मालकांच्या पुतण्यापर्यंत प्रत्येकाच्या पानावर 'सुपरयूजर स्टेटस'च्या चौकटीत टिक! ही टिक असली की जँगो गट बघतच नाही, कुठल्याही परवानगीला 'हो' म्हणतो. आमच्या गटांना विचारतंय कोण?

लॉगमध्ये पुतण्याचं नाव, वेळेसकट. शाखेची सवलत भरायच्या ऐवजी त्याने सामायिक सेटिंगच बदललं होतं. तो म्हणाला, "अपने आप हुआ होगा." मालक म्हणाले, "काम रुकता था, तो सबको दे दिया." मेल दाखवला तर म्हणे, इतकं कोण वाचतं! वर आमचाच शेवटचा हप्ता अडवला.

या धंद्यात नवे असाल तर ऐका. युजर बदलण्याची परवानगी कुठल्याही गटाला सहज देऊ नका. तेवढ्यावर माणूस स्वतःलाच सुपरयूजर करून घेतो. जँगो अ‍ॅडमिनचा लॉग कोणतं फील्ड बदललं ते सांगतो, आधी तिथे काय होतं ते नाही. पैशांच्या सेटिंगसाठी जुनी-नवी किंमत नोंदवणारं टेबल वेगळं ठेवा. सामायिक आणि शाखेचं सेटिंग एका पानावर नको. मेनू लपवला म्हणजे कुलूप लागलं असं नाही. परवानगी सर्व्हरवरच तपासा. ओवास्प या संस्थेच्या वेब-सुरक्षेतल्या धोक्यांच्या २०२१च्या यादीत परवानग्यांतली ढिलाई उगाच पहिल्या क्रमांकावर नाही.

बाकी नेहमीचंच: गरजेपुरतेच अधिकार द्या, बॅकअप घ्या, सगळं लेखी ठेवा. आणि गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी सुपरयूजरचा पासवर्ड शेवटचं बिल चुकतं झाल्यावरच द्या.